गावाकडच्या चर्चला मदत पाठवायचीय, पण कौलांना की पोरांना?

नेवासकर_पुण्यात

सलाम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. चर्च अमेरिकन मिशनच्या काळातलं, काळ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं. मंडळी म्हणाल तर चाळीस-पंचेचाळीस घरं, त्यातली निम्मी माझ्यासारखी पुण्या-मुंबईला, ईस्टर-नाताळला उगवणारी. गेल्या पावसाळ्यात बरोबर पुलपिटावर गळायला लागलं, पाळकसाहेबांनी उपदेश न थांबवता एका हाताने बायबल बाजूला सरकवलं आणि संडे स्कूलची पोरं खो खो हसली. हसण्यावारी गेलं पण वर चढून बघितलं तर दोन वासे पार कुजलेत.

दुसरं म्हणजे चर्चच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. सगळ्या गावाच्या पोरांसाठी, फक्त आमच्या नाही. दहावीवाली, पोलीस भरतीवाली, तलाठ्याची तयारी करणारी. सहा ते दहा, लाइट असली तर. चार ट्यूबा, त्यातली एक कायम फडफडते. बिल रविवारच्या दानातून भरतात आणि एका रविवारचं दान म्हणजे सहा-सातशे रुपये, त्यात काय काय भागवणार.

आता मुद्दा. माझे काका न्यू जर्सीला असतात, तीस वर्षं झाली. त्यांनी तिकडच्या मित्रमंडळींकडून चार हजार डॉलर गोळा केलेत आणि मला रोज मेसेज करतायत की चर्चचा खाते नंबर पाठव. तर दोन प्रश्न. पैसे सरळ पाठवले तर चालतात का? आणि आले तर आधी कौलं की अभ्यासिका? कमिटीत यावरून दोन तट पडलेत, आमचे वडील एकात आणि मामा दुसऱ्यात, म्हणजे घरी जेवतानासुद्धा हाच विषय.

हिशेबाचा_माणूस

थांब!! खाते नंबर पाठवू नकोस. आधी एक सांग, काकांचा पासपोर्ट कुठला?

नेवासकर_पुण्यात

अमेरिकन. सिटिझन आहेत ते. का?

हिशेबाचा_माणूस

मग तो परदेशी पैसा झाला. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी परदेशीच. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याची नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी असल्याशिवाय तुमच्या चर्चला तो घेताच येत नाही, आणि नोंदणी असली तरी पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रांचला जो एफसीआरए अकाउंट असतो त्यातच यावा लागतो. गावच्या सोसायटीतल्या नाहीतर जिल्हा बँकेतल्या खात्यात टाकले की झाला घोळ. रक्कम छोटी आहे म्हणून सूट वगैरे काही नाही.

याउलट एखादा भाचा-पुतण्या तिकडे नोकरीला असेल, भारतीय पासपोर्टवर, आणि त्याने स्वतःच्या कमाईतले पैसे नेहमीच्या बँकेतून पाठवले तर ते परदेशी धरत नाहीत. पण स्वतःचे हां. मित्रांकडून गोळा करून स्वतःच्या नावाने पाठवले तर ती पळवाट झाली.

नुसता_वाचक

काकांनी पुतण्याच्या खात्यात टाकायचे, पुतण्याने चर्चला द्यायचे. सुटला प्रश्न. 😄

हिशेबाचा_माणूस

हेच सगळे सुचवतात आणि नंतर आमच्याकडे फाइल घेऊन येतात. नातेवाईकाला पैसे पाठवणं वेगळं आणि नातेवाईकाच्या आडून संस्थेला पाठवणं वेगळं. एवढ्या रकमेसाठी पाळकसाहेबांना कशाला अडकवताय.

वडाळ्याची_मावशी

सलाम बाळा. तुझा धागा वाचून आमचं लहानपण आठवलं. मी बाहत्तरच्या दुष्काळात नऊ वर्षांची होते. सरकारी कामावर खडी फोडायला आई-बापू दोघं जायचे, तिथं सुकडी मिळायची, आणि चर्चकडून कामाच्या बदल्यात धान्य मिळायचं. बुलगर म्हणायचे त्या गव्हाला. तेलाचे डबे यायचे आणि डब्यावर दोन हातात हात घेतलेले असं चित्र असायचं, आम्हाला वाटायचं एक हात येशूचा आणि एक आपला 😀 मोठी झाल्यावर कळलं ते अमेरिकन सरकारचं चिन्ह. रिकामा डबा कोणी फेकत नव्हतं, आमच्याकडे त्यात पीठ असायचं पार माझं लग्न होईस्तोवर.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. धान्य खाऊन संपलं. त्या धान्यावर लोकांनी जी विहीर खणली ती आजही आहे, आणि ती काय फक्त आपल्या लोकांच्या रानात नव्हती. मुकादमाकडे हजेरीची वही असायची त्यात सगळ्या आळीतली नावं. म्हणून म्हणते, पैसा कुठून आला यापेक्षा गेल्यावर मागं काय राहिलं ते बघ.

जालनेकर

मावशी, विहिरीवरून आठवलं, आमच्या जालन्याची गोष्ट लोकांना माहीतच नसते. तुम्ही जो हापसा बघता ना, गावोगावचा, दांडा मारून पाणी काढायचा, त्याची मुळं आपल्याकडच्या मिशनांच्या बोअरिंगच्या कामात आहेत. साठच्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा जालन्याच्या स्कॉटिश मिशनला इंग्लंडमधल्या एका धर्मादाय संस्थेने खडक फोडणारी मशिनं दिली. बोअर तर झाले, पण वर बसवायचे ते बिडाचे पंप, घरगुती वापरासाठी बनवलेले. एका घरासाठीचा पंप अख्ख्या गावाने दिवसभर हापसल्यावर दुसरं काय होणार, महिन्या दोन महिन्यात मोडायचा. मग तिथल्याच वर्कशॉपमधे पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणारा दांडा करून बघितला, तो जालना पंप. त्यात सुधारणा होत सोलापूर पंप आला, आणि युनिसेफने सत्तरच्या दशकात त्यावरूनच इंडिया मार्क टू बनवून घेतला. तो आता आफ्रिकेतसुद्धा आहे.

म्हणजे देणाऱ्याने मशीन दिलं, पण मोडलेला पंप परत परत दुरुस्त करायला माणूस तिथं राहत होता म्हणून काम झालं. गावातल्या चर्चचा खरा उपयोग हाच की ते प्रोजेक्ट संपल्यावर गाडीत बसून निघून जात नाही.

बागायतदार

जरा कडू बोलतो, राग मानू नका. मी त्याच पट्ट्यातला, हिंदू. परदेशी पैसा आणि चर्च म्हटलं की गावात पहिला शब्द निघतो धर्मांतर. तुम्ही सगळे विहिरी आणि पंप सांगताय पण हे कोणी बोलत नाहीये.

नुसता_वाचक

झालं, आता धाग्याचं काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

वडाळ्याची_मावशी

नाही होणार. प्रश्न रास्त आहे त्यांचा. दुष्काळात मिशनची मंडळी वाढली हे खरंय, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर तर नगर जिल्ह्यात खूपच. भुकेनं आलेत का श्रद्धेनं यावर खुद्द मिशनरी लोकांमधेच वाद होते. आणि आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे, त्यांना पाणी कोण देत होतं ते पण त्याच हिशेबात धरायला पाहिजे ना पाटील? नुसत्या भाकरीसाठी आले असते तर पाऊस पडल्यावर परत गेले असते. राहिले ते शाळेसाठी आणि बोर्डिंगसाठी. माझे वडील बोर्डिंगात शिकले, सकाळी चारला उठून प्रार्थना, मग झाडलोट, मग अभ्यास. त्यांना आयुष्यभर चारलाच जाग यायची, रिटायर झाल्यावरसुद्धा, आणि आम्हाला पण झोपू द्यायचे नाहीत.

बागायतदार

मावशी, पाटील म्हणालात आणि बरोबर निघालं 😅 पटलं. आमच्या घरातून पण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातात दरवर्षी, आजीचा नवस होता. माझा विरोध मदतीला नाही, हिशेब गावापुढे येत नाही त्याला आहे. देवळाचा पण येत नाही म्हणा.

जामखेड_रोड

मी नर्स आहे, मिशन हॉस्पिटलमधे ट्रेनिंग झालं. मदतीचा पैसा चर्चच्या भिंतीबाहेर कसा गेला पाहिजे याचं आमच्याकडचं उदाहरण म्हणजे आरोळे डॉक्टर, रजनीकांत आणि मेबल. दोघंही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजचे, पुढे अमेरिकेत शिकून १९७० मधे जामखेडला आले. श्रद्धा उघड होती, लपवली नाही. बाहेरच्या ख्रिस्ती संस्थांची मदतही होती. पण त्या पैशाचं त्यांनी मोठं हॉस्पिटल नाही बांधलं, जनावरांच्या जुन्या दवाखान्यात सुरुवात केली आणि गावागावातल्या बायकांना शिकवलं. बऱ्याच जणी निरक्षर, बऱ्याच दलित. नाळ कशी कापायची, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, वजन कसं नोंदवायचं. १९७९ ला मॅगसेसे मिळालं.

पहिल्या पहिल्यांदा ज्या बाईला वाड्याच्या उंबऱ्याबाहेर उभं करायचे तिलाच बाळंतपणाला आत बोलवायची वेळ आली लोकांवर. एवढं काम किती डॉलरमधे मोजणार?

हिशेबाचा_माणूस

छान चाललंय, पण मूळ प्रश्नाकडे येतो कारण मला उद्या रिटर्नं भरायचीत.

पूर्वी कसं असायचं, शहरातल्या मोठ्या संस्थेकडे एफसीआरए असायचं, ती पैसे घ्यायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थांना, चर्चेसना वाटायची. २०२० च्या दुरुस्तीने ते बंद झालं. आता ज्याने घेतले त्यानेच खर्च करायचे, दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत, मग तिच्याकडे नोंदणी असली तरी. वर ऑफिस खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. त्यामागे सरकारचं म्हणणं होतं की पैसा मधेच मुरतो, आणि ते अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण फटका बसला तो खेड्यातल्या छोट्यांना. स्वतः नोंदणी करायची तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. सहाशे रुपये दान येणारं चर्च कुठून दाखवणार?

मग देशातला पैसा. त्यात लोक ८०जी विचारतात, म्हणजे देणगी देणाऱ्याला टॅक्समधे मिळणारी सूट. निव्वळ धार्मिक कामाला ते मिळत नाही, उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च धार्मिक गोष्टींवर केला तर ट्रस्टचं ८०जी जातं. म्हणून तुमची कौलं त्यात बसत नाहीत. अभ्यासिका बसेल, पण तिच्यासाठी वेगळा सामाजिक ट्रस्ट, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट. आणि नव्या टॅक्स पद्धतीत गेलेल्याला ८०जीचा तसाही उपयोग नाही. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी, तो सुद्धा देवळा-चर्चच्या छपराला येत नाही.

थोडक्यात, कौलं तुमची तुम्हालाच करावी लागणार.

नेवासकर_पुण्यात

साहेब, तुम्ही तर पावसात उभं केलंत 😔

काकांना सांगितलं. आधी भडकले, म्हणाले मी ज्या चर्चमधे बाप्तिस्मा घेतला त्याला मी पैसे देऊ शकत नाही हा कुठला न्याय. अर्धा तास ऐकून घेतलं. मग म्हणाले मित्रांचे परत करतो.

वसईवाला

आमच्या वसईकडचं सांगतो, कॅथलिक लोकांचं, तुमच्यापेक्षा वेगळं वातावरण आहे म्हणून जसंच्या तसं लागू होणार नाही. आमच्याकडे १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस यांनी पतपेढी काढली, कारण शेतकरी सावकाराच्या दारात अडकलेला. आठवा, त्या वेळी पाद्री लोकांना असं करायची काही गरज नव्हती, मिस्सा म्हणायची आणि घरी जायचं. तीच पतपेढी आज बॅसीन कॅथलिक बँक आहे आणि खातेदार सगळ्या जातीधर्माचे. दान एकदा दिलं की संपलं, कर्ज परत येतं आणि शेजाऱ्याला मिळतं. अभ्यासिकेतून जे पोरगं नोकरीला लागेल त्याने पहिल्या पगारातून पुढच्या पोराची पुस्तकं घ्यायची, असं काही जमतंय का बघा.

संगमनेरी

फादर बाखर यांचं नाव कसं नाही आलं अजून? स्विस जेझुईट, नगर जिल्ह्यात आयुष्य काढलं. जर्मनीचा पैसा आणला पाणलोटाच्या कामाला, इंडो-जर्मन कार्यक्रम, नाबार्ड पण होती त्यात. पण अट काय होती बघा. आधी गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करायची, शेळ्या मोकाट सोडायच्या नाहीत, आणि श्रमदान करायचं. मग पैसा. आमच्या तालुक्यात दरेवाडीला जाऊन बघा, पूर्वी टँकरचं गाव. मेंढपाळांचा केवढा विरोध होता सुरुवातीला, त्यांच्या पोटावर पाय होता ना. ते समजवायला महिने गेले, चर खणायला एवढा वेळ नाही लागला.

मी तर म्हणतो तुमच्या कमिटीनेही अट घालावी. बाहेर राहणाऱ्या प्रत्येक घराने अमुक द्यायचे, गावात राहणाऱ्याने अमुक दिवस काम करायचं, मगच बाहेर हात पसरायचा.

बिनपत्त्याचा

यावर माझा वाईट अनुभव, नाव घेत नाही कोणाचं. आमच्याकडे एका देणगीदाराने चर्चशेजारी कम्युनिटी हॉल बांधून दिला. फरशी गुळगुळीत, बाहेर संगमरवरी पाटी, फीत कापली, फोटो निघाले. कोणी गावाला विचारलंच नव्हतं काय पाहिजे ते. लाइटचं मीटर कोणाच्या नावावर घ्यायचं यावरून भांडण झालं, दीड वर्ष मीटरच नाही. आत पाच कॉम्प्युटर पेटीबंद, उंदरांनी वायरी खाल्ल्या. आता तिथं एकाचा कांदा पडलाय. कांदा चांगला टिकतो म्हणे, हवा खेळती आहे.

वडाळ्याची_मावशी

😂 निदान कांद्याला तरी आशीर्वाद मिळाला.

बाळा, तुमच्याकडे कापणीचा सण होतो का अजून? आणि मूठ-धान्य? आमची आई स्वयंपाकाला बसली की पहिली एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची, महिन्याला महिला मंडळाची बाई येऊन घेऊन जायची. त्या मुठीमुठीवर पाळकाचा पगार निघायचा. आता सगळे म्हणतात परदेशातून काय येईल. मडकं कुठं गेलं आपलं?

आणि कौलं की पोरं हा वाद मला कळलाच नाही. अभ्यासिका त्याच छपराखाली आहे ना? मग?

नेवासकर_पुण्यात

मावशी, हे एवढं सरळ आमच्या कमिटीत तीन मीटिंगा होऊन कोणाला सुचलं नाही. अभ्यासिकेची खोली वेगळी आहे पण वासा तोच, मागे चालत गेलेला.

नेवासकर_पुण्यात

(धागा वर काढतोय, अडीच महिन्यांनी)

अपडेट द्यायचं राहिलं होतं. कापणीचा सण झाला. या वेळी लिलाव चर्चच्या आत नाही, बाहेर लिंबाखाली ठेवला आणि सगळ्या गावाला सांगितलं. ज्याने त्याने आपापलं आणलं, बाजरी, कांदे, गवार, एक म्हातारी दोन अंडी रुमालात बांधून घेऊन आलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे लिलावात घेणारा वस्तू परत दानात देतो आणि ती पुन्हा लिलावात निघते. तर ती दोन अंडी सहा वेळा विकली गेली! शेवटी आमच्या मामांनी ११०० ला घेतली आणि हातातून खाली पडली. एक फुटलं. वडील एवढे हसले की महिनाभराचं भांडण तिथंच मिटलं.

अभ्यासिकेतला एक पोरगा, मुस्लिम, आता भरती झालाय, त्याचे वडील शिंपी आहेत, त्यांनी लाल भोपळ्याची बोली २००० पर्यंत नेली आणि भोपळा परत ठेवून गेले. चुलत भाऊ दुबईत आहे, आपला पासपोर्ट, त्याने स्वतःच्या पगारातले पाठवले, पावती फाडली. काका स्वतः आले होते सणाला, पैसे देता येत नाहीत म्हणून तीन दिवस कौलं उतरवायला शिडीखाली उभे राहून हातोहात घेत होते, वय ६८, काकू खाली ओरडतायत.

हिशेब फळ्यावर लिहून अभ्यासिकेच्या दाराबाहेर लावलाय. जमा ७४,३५०. वासे, पट्ट्या आणि सुताराची मजुरी यात उत्तरेकडची बाजू पूर्ण झाली, पुलपिट आणि अभ्यासिका दोन्ही त्याच बाजूला म्हणून ती आधी. दक्षिणेकडे अजून ताडपत्री आहे. ईस्टरनंतर बघू. ट्यूब पण बदलली, तीच फडफडणारी, चोक गेला होता, दीडशे रुपयात काम झालं आणि आम्ही दोन वर्षं डोळे चोळत होतो.

बागायतदार

फळ्याचा फोटो टाका. आमच्या देवळाच्या कमिटीला दाखवायचाय.

हिशेबाचा_माणूस

फळा ठीक आहे पण पावतीपुस्तकाचे नंबर लागोपाठ आहेत ना? आणि दुबईवाल्या भावाच्या पासपोर्टची झेरॉक्स फाइलला लावून ठेव.

नेवासकर_पुण्यात

लावली साहेब. फोटो रविवारी गावी गेलो की टाकतो.

अजून एक, उतरवलेल्या कौलांपैकी दीड-दोनशे धड आहेत, जुनी, पाठीवर कारखान्याचा छाप असलेली. फेकवत नाहीत. कोणाला कोंबड्यांच्या खुराड्याला वगैरे पाहिजे असतील तर सांगा, नेवासा फाट्यापर्यंत आणून देतो, पैसे नकोत, दानपेटीत काय टाकायचं ते टाका.

वडाळ्याची_मावशी

मला पन्नास ठेव.